साखर कारखान्याच्या तीस लाइन आणि बाहेर न लागणारा फोन

डिसेंबरातल्या अवकाळी पावसानंतरची सकाळ. सव्वाआठला केनयार्डच्या, म्हणजे कारखान्यात ऊसगाड्या थांबतात त्या आवाराच्या, सुपरवायझरांचा फोन आला, तोही त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरून. "साहेब, टेबलावरनं एक बी फोन बाहेर लागंना झालाय. गव्हाण रिकामी व्हायला आलीया. तुम्ही आधी निघा." मी या कारखान्याची फोन यंत्रणा सांभाळतो आणि सांगलीत विश्रामबागला राहतो. कारखाना वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. नाव देत नाही, कारण यात कोणाला दोष द्यायचा नाही आणि ही अडचण कुठल्याही कारखान्यात, दवाखान्यात किंवा दूध संघात येऊ शकते. आष्ट्यापर्यंत पोचलो तोवर दुसरा फोन आला: ऊस नाही म्हणून मिल थांबली.

मिल थांबणे म्हणजे काय ते साखर कारखान्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवे. रोज 5,000 टन गाळणाऱ्या मिलला तासाला 200 टनांहून अधिक ऊस लागतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर 15 टनांचा धरला तर तासाला 14 गाड्या गव्हाणीवर, म्हणजे मिलला ऊस पुरवणाऱ्या जागी, रिकाम्या व्हायला हव्यात. त्या आपोआप येत नाहीत. केनयार्डात वाहतुकीचे टेबल असते. तिथले पाच कारकून ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना, ट्रॅक्टरवाल्यांना आणि गटातल्या स्लिपबॉयना (फडावर तोडणीच्या चिठ्ठ्या करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) दिवसभर फोन करत असतात. कोणाची गाडी भरली, कोणाची रस्त्यात आहे, कोणाला दुसऱ्या फडावर वळवायचे, हे सगळे फोनवर चालते. रात्री पाऊस झाला की ही धावपळ दुप्पट होते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात वापसा नसला की ट्रॉली रुतते, म्हणून रातोरात ठरलेला प्रोग्राम मोडून टोळ्या माळाकडच्या आणि सडकेलगतच्या फडांवर न्याव्या लागतात. सकाळच्या दोन तासांत हे फोन झाले तर मिल चालते, नाहीतर थांबते. शिवाय तोडलेला ऊस फडातच पडून राहिला तर त्याचे वजन आणि उतारा (साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात, म्हणजे शेवटी तोटा शेतकऱ्याच्याच पदरात पडतो.

कोणी विचारेल, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग एवढे काय अडले? कारकुनांनी त्या सकाळी मोबाइल वापरलेच. पण बरेच मुकादम अनोळखी नंबर उचलत नाहीत. कारखान्याचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह असतो, तो दिसला की उचलतात. दुसरे म्हणजे टेबलावरचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. "मला बोलावलंच नाही, माझी खेप बुडाली" अशी तक्रार आली की ते रेकॉर्डिंग ऐकून निकाल लागतो. त्या सकाळी मोबाइलवरून झालेल्या बोलण्यांचे वाद पुढे पंधरा दिवस मिटले नाहीत.

मी पोचलो तेव्हा सर्व्हर खोलीत सगळे दिवे हिरवे होते. यंत्रणा साधी आहे. टेलिफोन कंपनीची एक पीआरआय लाइन (एकाच जोडणीवरून अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) येते, ती ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सर्व्हरच्या कार्डात जाते, आणि तोच सर्व्हर कारखान्याचा व्हॉइस गेटवे (बाहेरच्या लाइनशी जोडणारा दुवा) आणि एक्स्चेंज अशी दोन्ही कामे करतो. पीआरआयमध्ये 64 किलोबिटचे 32 भाग असतात, एकूण 2,048 किलोबिट. पहिला भाग ताळमेळासाठी, सोळा क्रमांकाचा सिग्नलिंगसाठी, आणि उरलेले 30 बोलण्यासाठी. म्हणजे एका वेळी 30 कॉल, मग ते आत येणारे असोत की बाहेर जाणारे. बोलण्याच्या या प्रत्येक भागाला चॅनेल म्हणतात, आणि चॅनेलला दिशा नसते. जो आधी धरेल त्याचा.

स्क्रीनवर तीसच्या तीस चॅनेल भरलेले दिसत होते आणि सगळे इनकमिंग. चार कॉल शेतकरी मदत टेबलावरच्या चार कारकुनांशी बोलत होते. चार कॉल हिशेब, स्टोअर अशा दुसऱ्या खात्यांत होते. उरलेले बावीस जण रांगेत थांबून गाणे ऐकत होते. "माझ्या फडाला टोळी कधी?", "तोडलेला ऊस भिजला, गाडी कुठं आहे?", "मोटार रुतलीय, दुसरा ट्रॅक्टर पाठवा" असे ते सगळे फोन होते. एकही फोन फालतू नव्हता.

शेती अधिकारी साहेब तिथेच उभे होते. त्यांनी फाइलीतून एक कागद काढला. यंत्रणा बसवली तेव्हाच्या त्या कागदावर लिहिले होते, "आउटगोइंगसाठी 10 लाइन राखीव." ते म्हणाले, "दहा लाइन आमच्या बाजूला ठेवल्या आहेत म्हणता, मग त्या गेल्या कुठे?" मी सेटिंग उघडले. तिथे खरोखर 10 चा आकडा होता. बाहेर जाणाऱ्या कॉलची मोजणी दहाच्या वर गेली तर पुढचा कॉल नाकारायचा, असा तो नियम होता.

सगळा घोळ त्या एका ओळीत होता. ती दहाची मर्यादा होती, दहाचे आरक्षण नव्हते. आउटगोइंग कॉल दहाच्या वर जाणार नाहीत एवढेच ती सांगत होती. ते दहापर्यंत तरी पोचतील, याची हमी त्यात कुठेच नव्हती. ही यंत्रणा माझ्या आधी दुसऱ्याने बसवली होती, पण दोन हंगाम देखभाल मी करत होतो आणि ती ओळ मी अनेकदा वाचली होती. प्रत्येक वेळी "दहा राखीव" असाच तिचा अर्थ लावून पुढे गेलो. ही चूक माझी आहे, आणि हे लिहायचे मुख्य कारणही तेच, कारण ती फार सहज होते.

मी साहेबांना यार्डातलेच उदाहरण दिले. अग्निशमनाची गाडी आत यावी म्हणून यार्डात दहा फुटांची वाट मोकळी ठेवायची आहे. त्यासाठी आपण अग्निशमनवाल्यांना "तुम्ही दहा फुटांपेक्षा जास्त जागा घेऊ नका" असे सांगितले तर वाट मोकळी राहील का? बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ती वाट केव्हाच भरून टाकतील. वाट मोकळी हवी असेल तर गाड्या गेटवर थांबवाव्या लागतात. फोनचेही तेच आहे. बाहेर जाणाऱ्यांसाठी जागा ठेवायची तर आत येणाऱ्यांवर मर्यादा लावायची. साहेबांना ते लगेच पटले. पटायला मलाच दोन हंगाम लागले होते.

मग एवढे दिवस काही बिघडले कसे नाही? कारण एरवी तीस लाइन कधी भरतच नव्हत्या. गर्दी झाली की मात्र आउटगोइंगची बाजू आपोआप हरते, आणि ती का हरते हे समजून घेण्यासारखे आहे. टेबलावरचा कॉल मिनिटा-दीड मिनिटाचा असतो. "आप्पा, गाडी बोरगावच्या माळावर न्या" एवढे बोलून कारकून फोन ठेवतो. चॅनेल रिकामा होतो. त्याच क्षणी बाहेर पन्नास शेतकरी पुन्हा पुन्हा नंबर लावत असतात, त्यांतला एक तो चॅनेल धरतो आणि रांगेत पंधरा मिनिटे बसतो. कारकुनाने पुढचा नंबर दाबेपर्यंत त्याची जागा गेलेली असते. सकाळी सातला टेबलाकडे पाच लाइन होत्या. रेकॉर्ड पाहिले तर पुढच्या काही मिनिटांत त्या एकेक करून गेलेल्या दिसतात. जो पटकन काम उरकतो त्याची जागा जाते आणि जो थांबून राहतो त्याची टिकते.

तात्पुरता उपाय म्हणून मी रांगेतले नवे कॉल घेणे बंद केले. वीस मिनिटांत टेबलाला लाइन मिळू लागल्या. मिल दुपारी सुरू झाली. कायमच्या उपायाला पुढचे तीन आठवडे लागले.

पहिली सूचना जनरल मॅनेजर साहेबांची आली: अजून एक पीआरआय घ्या, तीसच्या साठ लाइन होतील. पैसे द्यायची त्यांची तयारी होती. मी नको म्हणालो आणि हिशेब मांडला. मदत टेबलावर चार कारकून आहेत आणि एका शेतकऱ्याशी बोलायला साधारण तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला 80 शेतकऱ्यांचे समाधान होते. रांगेत 22 जण असतील तर शेवटच्याला 22 गुणिले 3 भागिले 4, म्हणजे साडेसोळा मिनिटे थांबावे लागते. आणखी 30 लाइन आणल्या तर त्याही रांगेनेच भरतील. रांगेत 52 जण होतील आणि शेवटचा माणूस 39 मिनिटे गाणे ऐकत बसेल. उत्तर मिळणारे शेतकरी मात्र तासाला 80 च राहतील, कारण बोलणारी तोंडे चारच आहेत. लाइन वाढवून कारकून वाढत नाहीत.

या हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटली. रांग 22 वरून 8 केली तरी तासाला 80 शेतकऱ्यांचेच काम होईल, एकाचेही कमी होणार नाही. म्हणजे त्या चौदा लाइन शेतकऱ्याच्या कामी येतच नव्हत्या, नुसत्या अडकून पडल्या होत्या. त्या टेबलाला दिल्या तर शेतकऱ्याचे काही हिरावून घेतल्यासारखे होत नाही. सहकारी कारखान्यात याला फार महत्त्व आहे. फोन करणारा सभासद हा कारखान्याचा मालक असतो. त्याला बाहेर ठेवून आपली सोय पाहणारी व्यवस्था मी बसवली नसती आणि कोणी चालूही दिली नसती.

आता राखीव किती ठेवायच्या? टेलिफोनच्या गर्दीचा हिशेब करण्यासाठी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञाने 1917 मध्ये दिलेले सूत्र आजही वापरतात. त्या सूत्राने पाहिले तर तासाला दीड मिनिटाचे 100 कॉल, म्हणजे अडीच एर्लांग (एक लाइन तासभर सतत व्यग्र म्हणजे एक एर्लांग), शंभरात एखादाच कॉल अडेल अशा बेताने न्यायचे तर 7 लाइन लागतात. पण इथे सूत्राचीही गरज नव्हती. ते सूत्र फोन करणारे असंख्य आहेत असे धरून चालते. आमच्याकडे टेबलावर पाच फोन आणि सुपरवायझरांचे दोन, मिळून सात. सात फोनवरून एका वेळी आठवा कॉल होऊच शकत नाही. म्हणून सात. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला याचे बरे वाटले, पण निर्णय मी फोन मोजून घेतला.

मग तीस लाइनींची सरळ वाटणी का नाही केली, सात या खोलीत आणि तेवीस त्या खोलीत? टेलिफोन कंपनीला अर्ज देऊन ठरावीक चॅनेलवर इनकमिंग बंद करून घेता येते, तो मार्ग आहे. पण भिंत घातली की दोन्हीकडची ताकद घटते. त्याच सूत्राने, एक टक्का कॉल अडतील या बेताने, 30 लाइनींचा एक गट सुमारे 20.3 एर्लांग पेलतो. तेच 15-15 चे दोन गट केले तर प्रत्येकी 8.1, म्हणजे मिळून 16.2 च पेलतात. लाइन तेवढ्याच, पण एकीकडे रिकाम्या पडलेल्या दुसरीकडे वापरता येत नाहीत. म्हणून माझा नियम एकतर्फी आहे: इनकमिंगला वर छप्पर, टेबलाला छप्पर नाही. टेबलासाठी सात लाइन कायम सुटलेल्या, आणि त्यापलीकडे जे रिकामे असेल तेही त्यांना खुले.

असे करत आकडे ठरले. इनकमिंग जास्तीत जास्त 18: त्यांत मदत टेबलाचे 4, रांगेतले 8 आणि इतर खात्यांत येणारे 6. इतर खात्यांचे आउटगोइंग जास्तीत जास्त 5. उरलेल्या 7 टेबलाच्या. इनकमिंगला पक्का आकडा न देता "एकूण रिकाम्या लाइन सातपेक्षा जास्त असतील तरच आत घ्या" असाही नियम करता येतो, आणि शांत दिवशी तो जास्त लाइन वापरू देतो. मी तो घेतला नाही. रात्री दोनला काही अडले तर शिफ्टमधल्या इलेक्ट्रिशियनला स्क्रीनवर पाहून कळले पाहिजे की कुठे काय चालले आहे. 18, 5, 7 हे त्याला कळते.

ॲस्टरिस्कमध्ये यासाठी कॉलला गटाचे नाव देण्याची आणि त्या गटातले कॉल मोजण्याची सोय आहे. सिस्को कंपनीचा गेटवे असेल तर ट्रंक ग्रुपवर, म्हणजे लाइनींच्या गटावर, कॉलची कमाल संख्या दिशेसकट देता येते, आत येणाऱ्यांची वेगळी, बाहेर जाणाऱ्यांची वेगळी. तिथेही तोच धोका आहे. घाईत बरेच जण बाहेर जाणाऱ्या डायल-पीअरवर (कॉल कुठे पाठवायचा हे सांगणाऱ्या नियमावर) कमाल जोडण्यांचा आकडा टाकतात आणि तेवढ्या लाइन राखल्या असे समजतात. आमच्या कागदावरच्या दहासारखेच ते होते.

प्रत्यक्ष बसवताना तीन जागी अडखळलो, आणि तिन्ही जागा सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, मोजायचे कधी. आधी मोजणी करून मग कॉलला गटात टाकले तर एकाच क्षणी आलेले दोन कॉल दोघेही "सतराच आहेत" असे पाहतात आणि दोघेही आत येतात. म्हणून आधी गटात टाकायचे, मग मोजायचे आणि अठराच्या वर गेले तर परत पाठवायचे.

दुसरी, कॉल कुठे नाकारायचा. मिल साफसफाईसाठी बंद होती त्या रात्री चाचणी घेतली. अठरा मोबाइल गोळा करण्याऐवजी मर्यादा 18 ची 2 केली आणि तीन मोबाइलवरून नंबर लावला. तिसऱ्याला एंगेज यायला हवा होता. त्याला आधी आमचे स्वागत ऐकू आले, "नमस्कार, कारखान्यात आपले स्वागत आहे", आणि मग फोन कट झाला. तपासणी कॉल उचलल्यानंतर होत होती. उचलला म्हणजे शेतकऱ्याचा कॉल लागला, आणि त्याच्याकडे पैसे कापणारा प्लॅन असेल तर पैसेही गेले. स्वागत करून हाकलून देण्याइतके वाईट दुसरे काही नाही. तपासणी उचलण्याच्या आधी नेली.

तरीही एक गोष्ट राहिली. एंगेजचा आवाज आमचा सर्व्हर स्वतः वाजवत होता, आणि तो वाजत असेपर्यंत तो चॅनेल अडकलेला राहत होता. पन्नास जण एंगेज ऐकत बसले तर राखीव लाइन पुन्हा गेल्याच. सर्व्हरने काहीही न वाजवता सिग्नलिंगमधून लगेच कारण क्रमांक 17, म्हणजे "ग्राहक व्यस्त", देऊन चॅनेल सोडायला हवा. एंगेजचा टोन मग टेलिफोन कंपनीचे एक्स्चेंज वाजवते. क्रमांक 34 देऊन "चॅनेल उपलब्ध नाही" असेही सांगता येते, पण त्याने शेतकऱ्याला लाइन बिघडल्याची सूचना ऐकू जाण्याची शक्यता असते. फोन चालू आहे पण गर्दी आहे, हे खरे कारण त्याला कळावे म्हणून 17.

तिसरी अडचण सर्वांत अवघड होती आणि ती चाचणीत दिसली नाही. नवी व्यवस्था सुरू होऊन आठवडा झाला आणि सुपरवायझरांचा पुन्हा फोन आला: "आज दोनदा लागला न्हाई." स्क्रीनवर इनकमिंग 16, म्हणजे मर्यादेच्या आत. इतर आउटगोइंग 4, टेबलाचे 4. बेरीज 24. तरी तीसच्या तीस भरलेले. सहा लाइन कुठेतरी नाहीशा झाल्या होत्या.

दुपारभर रेकॉर्ड चाळल्यावर उलगडले. भिलवडी आणि अंकलखोपच्या गट ऑफिसचे एक्स्टेंशन तिथल्या स्लिपबॉयच्या मोबाइलवर फॉरवर्ड केलेले होते, कारण तो ऑफिसात कमी आणि फडावर जास्त असतो. शेतकऱ्याचा कॉल पीआरआयवरून आत येतो आणि सर्व्हर तोच कॉल त्याच पीआरआयवरून मोबाइलकडे बाहेर पाठवतो. एका बोलण्याला दोन चॅनेल लागतात. माझी मोजणी फक्त आत आलेला अर्धा मोजत होती. बाहेर गेलेला अर्धा ना इतर खात्यांत मोजला जात होता, ना टेबलात. असे सहा कॉल चालू होते आणि त्यांनीच टेबलाची उरलेली राखीव जागा खाल्ली होती.

फॉरवर्ड बंद करायला साहेब तयार नव्हते आणि ते बरोबर होते. स्लिपबॉय फडावर असताना त्याच्याशी बोलता येणे ही शेतकऱ्याची खरी सोय आहे. म्हणून फॉरवर्ड झालेला बाहेरचा अर्धा भाग इतर आउटगोइंगच्या पाचांतच मोजायला लावला. पाच भरले तर कॉल स्लिपबॉयकडे न जाता मदत टेबलाच्या रांगेत येतो. थोडी गैरसोय होते, पण टेबलाच्या सात लाइनींना कोणी हात लावू शकत नाही. त्याच वेळी बाहेर जाणाऱ्या कॉलनी चॅनेल शेवटच्या क्रमांकापासून उलटे धरावेत अशी व्यवस्थाही केली. एक्स्चेंज आमच्याकडे पहिल्यापासून चढत्या क्रमाने कॉल पाठवते. दोघांनी विरुद्ध टोकांकडून सुरुवात केली की एकच चॅनेल दोघांनी एकाच वेळी धरण्याची वेळ क्वचित येते.

तांत्रिक बाजू एवढी. सभासदांना समजावणे जास्त कठीण गेले. अंकलखोपचे एक वयस्कर सभासद थेट ऑफिसात आले. "आदी निदान गाणं तरी वाजायचं. आता सारखा एंगेज. आमचा फोन घ्यायचा न्हाई असं ठरीवलंय का तुम्ही?" त्यांचा राग खोटा नव्हता. मी त्यांना हिशेब सांगितला, पण बावीसच्या रांगेतली साडेसोळा मिनिटे आणि आठच्या रांगेतली सहा मिनिटे यांतला फरक एंगेज ऐकणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त बंद दार दिसते. त्यांच्या बोलण्यातूनच पुढची गोष्ट सुचली.

पूर्वी तीस लाइन भरल्यावर जे कॉल परत जायचे, ते टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधूनच जायचे. आमच्या सर्व्हरला त्यांचा पत्ताही नसायचा. कोणी फोन केला आणि कोणाला मिळाला नाही, याची कारखान्याकडे नोंदच नव्हती. आता कॉल आमच्या सर्व्हरपर्यंत येतो आणि मग नाकारला जातो. म्हणजे करणाऱ्याचा नंबर आमच्याकडे येतो. मी तो नंबर वेळेसह एका यादीत लिहायला लावला. तोच नंबर पुन्हा आला तर नवी ओळ न करता जुन्या ओळीपुढे वाढ. ही यादी दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला मदत टेबलाच्या संगणकावर उघडते आणि कारकून तिच्यातल्या नंबरांना स्वतः फोन करतात. त्या वेळी रांग रिकामी असते. हे फोन इतर आउटगोइंगच्या पाचांतून जातात, टेबलाच्या सातांतून नाहीत. एंगेज लागलेला शेतकरी आता नुसता परत जात नाही, त्याला कारखाना फोन करतो. पूर्वी दहादा नंबर लावून कंटाळणारा माणूस कोणाच्या खिजगणतीतच नव्हता. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान या यादीने दिले.

पहिल्याच संध्याकाळी त्या यादीत अंकलखोपच्या आजोबांचा नंबर होता. कारकुनाने फोन केला तेव्हा ते जेवायला बसले होते. त्यांनी आपल्या फडाची चौकशी केली, तोडणीची तारीख ऐकली आणि "बरं झालं फोन केलासा" एवढेच म्हणाले.

फेब्रुवारीत एका रात्री पुन्हा पाऊस झाला. मी भल्या सकाळी स्वतः जाऊन सर्व्हर खोलीत बसलो. साडेसातला इनकमिंग 18 वर टेकले आणि तिथेच राहिले. टेबलाचे कॉल चार, सहा, पाच, सात असे वरखाली होत होते आणि प्रत्येक लागत होता. नाकारलेल्यांची यादी झरझर वाढत होती. ते पाहून जीव कासावीस होत होता, कारण प्रत्येक ओळ म्हणजे भिजलेल्या फडावर उभा असलेला एक माणूस. दोनच्या आधीच, अकराला, मी कारकुनांना यादी उघडून दिली. सुपरवायझर दारातून डोकावले, गव्हाणीकडे हात करून "चालू हाय" म्हणाले आणि परत टेबलाकडे गेले.

एक गोष्ट अजून माझ्या मनासारखी झालेली नाही. काही ट्रॅक्टरवाले टेबलाला फोन करायचा तर कारखान्याच्या मुख्य नंबरवरच करतात, म्हणजे तेही शेतकऱ्यांच्या अठरांत अडकतात. टेबलाला वेगळा नंबर देऊन तो सातांच्या बाजूला मोजायचा विचार आहे, पण तो नंबर गावभर झाला तर सात लाइनींचे काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून सध्या टेबलानेच त्यांना फोन करायचा असे ठरले आहे.

सर्व्हरच्या रॅकच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर 18, 5, 7 हे आकडे आणि प्रत्येकासमोर तो कोणाचा ते लिहिले आहे. खाली पेन्सिलीने एक ओळ आहे: पुढच्या हंगामात टेबलावर दोन फोन वाढले तर 7 चे 9 करा, 18 चे 16 करा आणि रांग 8 वरून 6 वर आणा.